साष्टीच्या जुन्या वास्तू आणि त्यांचे शेजारी

(उपनगरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माहिती अधिकाऱ्याने भाषणाचा आरंभ स्वतःच्या चुकीने करावा असा प्रघात नाही. तरीही तो मोडतो, कारण आजचा विषय मला त्या चुकीनेच दिला. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या ऐतिहासिक वास्तूंवर एक छोटे पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी कलाशाखेचा पदवीधर; पुरातत्त्वाचा अभ्यासक नव्हे. हाताशी होती ती पुस्तके चाळली आणि बोरीबंदरचे रेल्वे स्थानक, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, गेटवे अशी ओळीने वर्णने लिहिली. पत्रक देखणे निघाले. पंधरवड्यातच जोगेश्वरीहून एका भगिनींचे पत्र आले. आमच्या घराशेजारी जमिनीच्या पोटात दीड हजार वर्षांचे देऊळ आहे आणि त्या देवळापायी आमच्या घराचे छप्पर बदलता येत नाही; या दोहोंपैकी एकही गोष्ट आपल्या पत्रकात दिसली नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

माझे पत्रक माहीमच्या खाडीशी येऊन थांबले होते. आपण सर्वजण राहतो ते खाडीच्या अलीकडे, साष्टी बेटावर. सहासष्ट गावांचे म्हणून षट्षष्टी आणि त्यावरून साष्टी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. मुंबई हे शहर म्हणून नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी साष्टीत बांधकाम आणि कोरकाम चालू होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे दीर्घकाळ तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये. अंधेरी आणि भांडुपपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला १९५० मध्ये आणि बोरिवली, दहिसर, मुलुंड आले १९५७ मध्ये. म्हणजे ज्या मुंबईचे आपण नागरिक म्हणवतो, तिच्यात आपली गावे दाखल होऊन अजून शतकही झालेले नाही.

तेव्हा साष्टीच्या वास्तूंकडे खेड्यांच्या वास्तू म्हणून पाहणेच योग्य होईल. अशा कामाचा एक नमुना इंग्लंडमध्ये आहे. निकोलाउस पेव्हस्नर नावाच्या, मूळच्या जर्मन असलेल्या विद्वानाने एकेक परगणा घेऊन तेथील चर्च, वाडे, पूल, धान्याची कोठारे यांच्या नोंदी केल्या. १९५१ ते १९७४ या काळात त्याचे ४६ खंड निघाले. एकट्या नॉर्फोक या शेतीप्रधान परगण्यात सहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्च आहेत. त्यांपैकी पुष्कळांत आता भाविक थोडे येतात, पण किल्ली गावातल्या कोणाच्या तरी घरी असते आणि गळके छप्पर प्रथम त्याच्याच नजरेला पडते. आपल्याकडेही असा प्रयत्न झालेला आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा एक संपूर्ण खंड प्रेक्षणीय स्थळांना वाहिलेला आहे आणि त्यात आपली कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही सारी मंडळी भेटतात. आपल्या गावाचे नाव त्यात शोधून पाहावे. मला तो छंद जडला आहे.

आता कान्हेरीविषयी. येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेले हे काम हजार वर्षांच्या वर चालले. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. ते करविणाऱ्यांत गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंची नावे कोरलेली आहेत. बाकीच्या शिलालेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे दाते भेटतात. कोणी लेणे दिले, कोणी बसण्याचा ओटा, कोणी पाण्याची पोढी. एका लेखात मठाला दिलेल्या शेतासंबंधी मंगलठाण या गावाचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे बसच्या पाटीवर आपण रोज वाचतो ते मागाठाणे. बसची वाट पाहणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असेल की आपल्या थांब्याचे नाव सातबाराच्याही फार आधी दगडावर चढलेले आहे?

परंतु कान्हेरीत मला सर्वांत मोठे वाटते ते मूर्तिकाम नव्हे, पाण्याची व्यवस्था. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी आहे. डोंगराच्या उतारावर खोदलेल्या पन्हळी पावसाचे पाणी त्या पोढ्यांत आणून सोडतात, आणि ओढ्यावर घातलेल्या बांधाचे अवशेषही सापडतात. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, हा कोकणचा स्वभाव त्या लोकांनी नीट ओळखला होता. विलक्षण योग असा की एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराला नळाचे पाणी देण्याची वेळ आली तेव्हा इंग्रज अभियंतेही याच डोंगररांगेत आले. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये पूर्ण झाला. तलावाच्या बांधाला वास्तू म्हणावे की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद असतील, मी म्हणतो.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत लेख आहेत. ते १००९ आणि १०२१ या सालांचे असून लेणी पाहायला आलेल्या झरथुष्ट्री मंडळींची नावे त्यांत आहेत. भिंतीवर नाव लिहिण्याची हौस इतकी जुनी आहे. मात्र त्यांचे नाव इतिहासाला उपयोगी पडले म्हणून आपले पडेल, असा समज उद्यानात येणाऱ्या तरुणांनी कृपया करून घेऊ नये.

याच खडकाचा आणखी एक प्रवास सांगण्यासारखा आहे. ज्या इमारतींनी माझे ते पत्रक भरले होते, त्या प्रकारच्या कित्येक इमारतींचा दगड आपल्याकडून गेलेला आहे. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या जनरल पोस्टाच्या इमारतीत काळ्या बेसॉल्टच्या जोडीला कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड वापरलेला आहे. दक्षिण मुंबईच्या इमारतींना जागतिक वारसा यादीत २००४ आणि २०१८ मध्ये मान मिळाला, तो योग्यच आहे. पण साष्टीच्या टेकड्या त्या शतकात किती झिजल्या याची आठवण राहावी. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा सुमारे दोनशे फूट उंचीचा, सहा कोटी वर्षांहून जुना उभा बेसॉल्टचा सुळका खाणीतून वाचलेला आहे. महानगरपालिकेने २००७ मध्ये त्याला वारसा दर्जा दिला. वर गावदेवीचे मंदिर आहे. पायऱ्या चढून जावे. संध्याकाळी वारा चांगला असतो.

अंधेरीतलीच महाकालीची, म्हणजे कोंडिवट्याची लेणी आकाराने लहान, परंतु तेथील नववे लेणे अवश्य पाहावे. स्तूपाभोवती गोल खोली आणि तिच्या दगडी भिंतीत जाळीच्या खिडक्या, जणू बांबूच्या झोपडीचीच दगडात केलेली नक्कल. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर मात्र मनाला अस्वस्थ करते. मूळचे हे शैव लेणे, त्यात नृत्य करणाऱ्या शिवाचा सुंदर पट आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तेथे प्रार्थनास्थळ केले, वर मठ बांधला आणि एका शिल्पपटाच्या जागी भला मोठा क्रूस कोरला. आज खाली शंकराची पूजा होते आणि वर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. कोणाची बाजू घ्यावी असा प्रश्न तेथे मला पडत नाही. दोन्ही थर आपल्याच गावचे आहेत आणि दोन्हींवर सारखेच गवत उगवते.

साष्टीच्या ख्रिस्ती गावांचा उल्लेख आला म्हणून मरोळच्या जुन्या चर्चविषयी सांगतो. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च १८४० च्या सुमारास साथीचा रोग आल्यामुळे गावकऱ्यांनी सोडले आणि दुसरीकडे नवे चर्च उभारले. जुन्याचे छप्पर गेले, भिंती उरल्या. १९७३ मध्ये त्या परिसरात निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे आपले ‘सीप्झ’ स्थापन झाले आणि ते अवशेष कुंपणाच्या आत गेले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे प्रार्थना होते आणि जुन्या मरोळ गावाची कुटुंबे येतात. एरवी परवान्याविना तेथे जाता येत नाही. कुंपणामुळे वास्तूवर अतिक्रमण झाले नाही हे खरे. पण वर्षातले उरलेले दिवस तिच्या भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप पाहणारा कोणी नसतो, हेही खरे.

याच्या अगदी उलट गत गावठाणांची. आंबोली, मरोळ, चकाला, गुंदवली येथील जुनी घरे पाहा. दगडी जोते, पुढे पडवी, लाकडी खांब, बाहेरून वर जाणारा जिना, मंगलोरी कौले. वाटेवरच्या कित्येक क्रूसांवर १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांचे आकडे आहेत. घरातील माणसे दगावली त्यांची ती आठवण. ही घरे कोणी राखली? राहणाऱ्यांनी राखली. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा विनियम आले, वास्तूंना तीन श्रेणी मिळाल्या. पण ती यादी प्रामुख्याने शहर भागाची होती. एकेका गावठाणात वाटण्या होतात, भावंडे वाढतात, शेजारी बारा मजली इमारत उठते आणि एके दिवशी कौले उतरतात. वारसा म्हणून हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या घरात एक पावसाळा काढून पाहिला तर टीका थोडी सौम्य होईल.

पूर्वेकडील उपनगरांवर मी धावते बोलतो म्हणून मुलुंड-घाटकोपरचे श्रोते रागावतील. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी याच बाजूने ठाण्याला गेली, एवढे श्रेय कमी नाही. मुलुंडला तर आखीव गावाचा मान आहे. झवेरभाई रामजी शेठ यांनी १९२२ मध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांकडून स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनी रस्त्यांचा आराखडा करून घेतला. इमारती बदलल्या तरी ते रस्ते अजून तसेच आहेत, आणि गावाचा आराखडा हाही वारसाच असतो.

आता पुन्हा जोगेश्वरी. पत्र आल्यावर मी तेथे गेलो. लांबलचक पायऱ्या उतरून आत जावे लागते. सुमारे अडीचशे फूट लांबीचे हे लेणे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानतात. भारतातील मोठ्या हिंदू लेण्यांत हे सर्वांत आधीचे, असे वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे घारापुरीची ही वडील बहीण. मधल्या भव्य मंडपात देवीची नित्य पूजा चालते. दिवा तेवत असतो. द्वारपाल, नटराज, शिवपार्वती यांची शिल्पे इतकी झिजली आहेत की डोळ्यांना अंधाराची सवय झाल्यावरच ती हळूहळू प्रकट होतात. छतातून पाणी ठिबकत होते. पावसाळा नसतानाही ठिबकत होते, कारण वर वस्ती आहे.

त्या भगिनी मला वर घेऊन गेल्या. छपरावर निळे प्लास्टिक होते. १९५८ च्या पुरातन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली; तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित आहे. दुरुस्ती करता येते, पण परवानगीने. नियम आवश्यक आहे. तो नसता तर आज पाहायला काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. परंतु नियमाची पहिली ओळख ‘नाही’ या शब्दाने झाली, की पुढचे कोणी वाचत नाही. वस्तीतल्या बहुतेकांना दुरुस्तीची वाट आहे हेच ठाऊक नव्हते. हे सांगणे माझे काम होते आणि मी गेटवेचे वर्णन लिहीत बसलो होतो.

मी परवानगीची पद्धत सोप्या मराठीत एका पानावर लिहिली आणि दुसऱ्या पानावर लेण्याची माहिती. त्या भगिनींचा अर्ज घराचा जुना नकाशा नसल्यामुळे मागे पडला. नकाशाचा शोध चालू आहे. दरम्यान त्यांनी ती पाने वस्तीत वाटली. लेण्याच्या वरच्या अंगाला कचरा टाकू नये म्हणून तेथील बायकांनी आपसांत पाळी लावली आहे. पाणी अजून ठिबकते, पूर्वीपेक्षा कमी.

येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी जोगेश्वरी स्थानकाच्या पूर्वेकडील दाराशी जमावे. पायांत घट्ट वहाणा असाव्यात, पायऱ्या ओल्या असतात, विजेरी आणावी. आणि ज्यांच्या घरी गावठाणातल्या जुन्या घरांची छायाचित्रे, मोडी कागद किंवा नकाशे असतील, त्यांनी ते ग्रंथालयात ग्रंथपालांना दाखवावेत. प्रत काढून मूळ कागद परत दिले जातील. त्यांत जोगेश्वरीच्या लेण्याजवळील वस्तीचा एखादा जुना नकाशा निघाला, तर तो आधी मला कळवावा.