वारेची साक्ष



गर्भवती स्त्रीने घेतलेले औषध केवळ तिलाच दिले गेले असे मानण्याचा प्रघात वैद्यकात पुष्कळ काळ होता. एका देहात दुसरा देह आकार घेत असताना एकीला दिलेली मात्रा दोघांनाही पोचू शकते, आणि त्या दुसऱ्याला तक्रार नोंदवण्याची सोय नसते, ही गोष्ट ध्यानात यायला एक भीषण अनर्थ घडावा लागला. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे निद्राकारक औषध विक्रीस आले. ते इतके निर्धोक समजले गेले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनही मिळे, आणि गरोदरपणातील मळमळीवर स्त्रिया ते निःशंकपणे घेत. 1961 च्या अखेरीस हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी स्वतंत्रपणे या गोळीवर बोट ठेवले. परंतु तिच्यापायी निरनिराळ्या देशांत मिळून अंदाजे 10,000 बालके हातापायांची व अन्य व्यंगे घेऊन जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी नामक एका बाईंनी, औषध-प्रशासनाच्या नोकरीत नुकत्याच रुजू झालेल्या असतानाही, कंपनीच्या तगाद्याला भीक न घालता, पुराव्याचा तपशील अपुरा, सबब परवाना नाही, हा आपला शेरा अखेरपर्यंत कायम ठेवला.

या प्रकरणाचा जो भाग सहसा सांगितला जात नाही तो असा की, पुढे गाभण उंदरांवर हे औषध अजमावून पाहिले तेव्हा त्यांच्या पिलांत ती व्यंगे सहजी दिसेनात. काही जातींच्या सशांत ती दिसली. या कोड्याची उकल व्हायला जवळजवळ अर्धशतक लोटले. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की हे औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. मनुष्याच्या त्या प्रथिनात एका मोक्याच्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल असते, तर उंदराच्या प्रथिनात तेथे आयसोल्यूसीन असते. आणि असल्या सूक्ष्म भेदांमुळे जे मानवी गर्भाचे अवयव खुंटवते, ते उंदराच्या गर्भाला फारसे बाधत नाही. तेव्हा उंदराची साक्ष खोटी नव्हती. तो आपल्या देहापुरते खरेच सांगत होता. चूक झाली असती ती त्या साक्षीवरून मनुष्याचा निकाल लावणाऱ्यांची.

म्हणूनच मानवी पेशींनाच जबानीला उभे करावे, ही कल्पना अलीकडे जोर धरू लागली आहे. ज्या अवयवावाचून गर्भाचा विचारच होऊ शकत नाही त्या वारेचेच उदाहरण घेऊ. पूर्ण दिवस भरलेल्या मानवी वारेत मातेचे रक्त आणि गर्भाच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये पोषक पेशींचा मुख्यतः एकच थर असतो. उंदराच्या वारेत असे तीन थर असतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील डॅन हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पारदर्शक पट्टीत दोन बारीक पाट कोरले, त्यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा ताणला, आणि त्याच्या एका अंगाला वारेच्या तर दुसऱ्या अंगाला रक्तवाहिनीच्या मानवी पेशी वाढवल्या. मधुमेहावरील ग्लायब्युराइड हे औषध मातेच्या बाजूने सोडले असता या पेशींनी ते बव्हंशी परत लोटून दिले, जसे ते खऱ्या वारेतही लोटले जाते. 2018 मध्ये केंब्रिज येथे मार्गेरिटा तुर्को, अॅशली मॉफेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर वारेच्या पेशींचे असे सूक्ष्म गोळे वाढवले की जे संप्रेरकेही स्रवू लागले.

तथापि उत्साहाला आवर घालणे प्राप्त आहे. 2017 साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेरेसा वुड्रफ यांच्या गटाने बीजवाहिनी, गर्भाशयाचे अस्तर, गर्भाशयमुख आणि यकृत यांच्या मानवी ऊती एकाच यंत्रणेत जोडून 28 दिवसांचे ऋतुचक्र घडवून दाखवले. ती कामगिरी खरोखर अपूर्व होती. पण त्या यंत्रणेतील अंडाशय उंदराचा होता, हा तपशील कौतुकाच्या भरात सांगायचा राहून जातो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. गर्भपात टळावा म्हणून मातांना दिल्या गेलेल्या डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाने त्यांच्या मुलींना तरुणपणी दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, हे 1971 साली बोस्टनमध्ये उघडकीस आले. चार आठवडे जगणाऱ्या ऊतीला वीस वर्षांनंतरचे भविष्य विचारण्यात काय हशील?

अमेरिकेने 2022 च्या डिसेंबरात कायदा बदलून, आणि भारत सरकारने 2023 मध्ये नवीन औषधांच्या नियमावलीत दुरुस्ती करून, अशा मानवी ऊतींवरील पुरावा दाखल करून घेण्याची मुभा दिली आहे. माझ्या मते हे योग्यच झाले. मात्र साक्षीदार कितीही जवळचा असला तरी त्याला न्यायासनावर बसवू नये.

जाता जाता एक विनंती. हे सारे संशोधन दान मिळालेल्या ऊतींवर अवलंबून आहे. आपल्याकडे वार पुरण्याची रीत आहे, आणि रुग्णालयात ती बहुधा जैविक कचऱ्यात जाते. उद्या आपल्या घरातील बाळंतिणीला कोणी संशोधनासाठी वार मागितली, तर ती कोठे जाणार आणि तिचे काय होणार याची आधी पुरती शहानिशा करावी, लेखी संमतीचा कागद तिने स्वतः वाचावा. आणि तिचे समाधान झाले, तर घरच्यांनी आडकाठी करू नये.