खेळाडू कोणीं निवडावा ?

श्रोतेहो, नाटक मंडळ्यांच्या जुन्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या असतील. नट नेमावयाचा तो मालकानें, आणि त्याला तयार करावयाचा तो तालीम-मास्तरानें. नाटक रंगलें तर श्रेय दोघांनाहि पुरून उरे. पडलें म्हणजे मालक मास्तराकडे बोट दाखवी, आणि मास्तर म्हणे, 'असलीं माणसें दिलींत, त्याला मी काय करूं?' इंग्लंडमधील फुटबॉलच्या क्लबांत हाच तंटा शंभर वर्षें चालत आलेला आहे. तेथें मालकाच्या जागीं क्लबाचे संचालक व त्यांचा अध्यक्ष असतो, आणि तालीम-मास्तराच्या जागीं मॅनेजर. आज मी सांगणार आहे ती हकीकत मैदानावरील खेळाची नव्हे. कोणता खेळाडू घ्यावा आणि कोणता सोडावा याचा निकाल जेथें लागतो, त्या बंद खोलींतील आहे.

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. एका क्लबाशीं करारानें बांधलेला खेळाडू दुसऱ्या क्लबाला हवा असेल, तर त्याबद्दल पहिल्या क्लबाला मोबदला द्यावा लागतो. 'खेळाडू विकत घेतला' हा शब्दप्रयोग आपल्या कानांना खटकतो, आणि तो खटकावा हेंच बरें. वस्तुतः हस्तांतर होतें तें त्याच्या नोंदणीचें. पण रकमा अशा असतात कीं, चारदोन निवडी चुकल्या तर क्लबाचें कंबरडें मोडावें. हा पैसा मॅनेजरचा नसतो. मात्र घेतलेला खेळाडू निकामी ठरला तर नोकरी बहुधा मॅनेजरचीच जाते.

प्रारंभीं हें भांडण फारसें नव्हतें, कारण मॅनेजरचें मत विचारण्याची चालच नव्हती. पुष्कळ ठिकाणीं तो क्लबाचा चिटणीस असे. संघ निवडीत ते संचालक. खुद्द इंग्लंडचा राष्ट्रीय संघसुद्धां १९६३ सालीं आल्फ रॅम्झीनें सूत्रें हातीं घेईपर्यंत समितीच निवडीत असे. त्यानंतर तीनच वर्षांनीं त्या देशानें विश्वचषक जिंकला, ही गोष्ट समित्यांवर श्रद्धा असणाऱ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

क्लबांमध्यें ही स्थिति पालटविणाऱ्यांत हर्बर्ट चॅपमन याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १९२५ सालीं लंडनच्या आर्सेनल क्लबाचा अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यानें मॅनेजरसाठीं वृत्तपत्रांत जाहिरात दिली, आणि तींत बजाविलें कीं, भरमसाट रकमा मोजून खेळाडू आणण्यावरच ज्याचें कौशल्य अवलंबून असेल त्यानें अर्ज करण्याची तसदी घेऊं नये. ती जागा मिळाली चॅपमनला. येतांच त्यानें संडरलंडच्या चार्ली बकनची मागणी केली. बकनचें वय तेव्हां तेहतीस. संडरलंडनें ४,००० पौंड मागितले. एवढी रक्कम उतारवयाच्या खेळाडूवर उधळण्यास नॉरिस राजी होईना. अखेर तोडगा निघाला कीं, २,००० पौंड रोख द्यावे आणि पहिल्या हंगामांतील प्रत्येक गोलामागें १०० पौंड. बकननें त्या हंगामांत २१ गोल केले. म्हणजे घासाघीस करून अध्यक्षानें १०० पौंड अधिकच मोजले! १९२७ सालीं पैशांच्या गैरव्यवहारावरून नॉरिसला फुटबॉल असोसिएशननें फुटबॉलच्या कारभारांतून दूर केलें, आणि पुढें चॅपमनचा हात अधिक मोकळा झाला. १९२८ सालीं त्यानें बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठीं १०,८९० पौंड मोजले. दहा हजारांचा आंकडा ओलांडणारा हा पहिलाच व्यवहार. त्याची एक गमतीदार हकीकत त्याच्या साहाय्यकानें पुढें सांगितली आहे. बोल्टनच्या प्रतिनिधींना चॅपमननें हॉटेलांत गांठलें आणि वेटरला आधींच बजावून ठेविलें कीं, पाहुण्यांच्या पेल्यांत मद्य दुप्पट घालावें, आमच्या पेल्यांत मुळींच घालूं नये. सौदा मनासारखा जमला, हें सांगावयास नकोच. १९३० सालीं आर्सेनलनें फुटबॉल असोसिएशनचा चषक पहिल्यांदाच जिंकला, आणि पुढील वर्षीं लीगचें अजिंक्यपद.

एवढें यश पदरांत पडल्यावर कोणता अध्यक्ष तक्रार करील ? परंतु यश मिळूनहि संबंध कसे विटतात हें पहावयाचें असेल तर डर्बी काउंटीकडे वळलें पाहिजे. १९६७ सालीं ब्रायन क्लफ आणि त्याचा सहकारी पीटर टेलर या दुय्यम श्रेणींतील क्लबांत आले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं टॉटनहॅमच्या डेव्ह मकायला अवघ्या ५,००० पौंडांत आणलें. (त्याचेंहि वय तेहतीसच, जुनीं भांडीं टिकाऊ असतात हें दोन्ही मॅनेजरांना उमगलें होतें.) पण मिळालेल्या विश्वासाची मर्यादा क्लफला उमगली नाहीं. १९७१ सालीं कॉलिन टॉडला घेतांना त्यानें सुमारें पावणेदोन लाख पौंडांचा सौदा परस्पर ठरविला, आणि परदेशीं सुटीवर गेलेले अध्यक्ष सॅम लॉंगसन यांना तो कळविला तो तारेनें ! टॉड उत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि पुढच्याच हंगामांत डर्बीनें लीग जिंकली. निवड अचूक होती. तरीहि स्वतःच्या तिजोरीची बातमी तारेनें ऐकणाऱ्या माणसाच्या मनांत काय घर करून बसलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. ऑक्टोबर १९७३ मध्यें क्लफ व टेलर यांनीं राजीनामे दिले. तात्कालिक कारण क्लफच्या वृत्तपत्रांतील लेखांचें आणि दूरचित्रवाणीवरील भाषणांचें होतें. पण खरा वाद धनी कोण हा होता. खेळाडूंनीं त्याला परत आणण्यासाठीं चळवळ केली, ती व्यर्थ गेली. त्याच्या जागीं आला तो डेव्ह मकाय, आणि १९७५ सालीं, मुख्यतः क्लफनेंच जमविलेल्या खेळाडूंच्या बळावर, त्यानें पुन्हां लीग जिंकली.

येथवरच्या कथेंत वाद होता तो 'होय' म्हणण्याचा : दुसऱ्याच्या पैशानें हा खेळाडू घ्या, असें म्हणण्याचा. या बाबतींत माझें मत संचालकांच्या बाजूनें झुकतें. मॅनेजर दोनचार वर्षांत निघून जातो, कर्ज मागें राहतें. लीड्स युनायटेडनें २००० सालीं रिओ फर्डिनंडसाठीं १ कोटि ८० लक्ष पौंड दिले. तेथें मॅनेजर आणि अध्यक्ष दोघेहि 'होय' म्हणणारेच होते. उद्यांच्या उत्पन्नावर आज कर्ज काढलें गेलें, तें उत्पन्न आलें नाहीं, मॅनेजर गेला, खेळाडू एकामागून एक विकले गेले, आणि २००४ सालीं क्लब खालच्या श्रेणींत घसरला.

पण 'नको' म्हणण्याचा अधिकार ही निराळी गोष्ट आहे. २००८ सालीं सप्टेंबर महिन्यांत लागोपाठच्या दोन दिवशीं दोन मॅनेजरांनीं राजीनामे दिले. ३ तारखेस वेस्ट हॅमच्या ॲलन कर्बिश्लीनें, आणि ४ तारखेस न्यूकॅसलच्या केव्हिन कीगननें. कर्बिश्लीच्या संमतीवांचून क्लबानें जॉर्ज मॅकार्टनी या खेळाडूला संडरलंडला विकलें होतें. कीगनचें दुःख उलट होतें. खरेदीची मुदत संपतां संपतां न्यूकॅसलनें स्पेनमधील व्हॅलेन्सिया क्लबाकडून इग्नासिओ गोन्झालेझ हा उरुग्वेचा खेळाडू उसना आणला. कीगननें त्याचें नांवहि ऐकलें नव्हतें. त्याचा खेळ पहावयाचा असेल तर यूट्यूबवर पहा, असें क्लबाच्या अधिकाऱ्यांनीं त्याला सुचविलें. दक्षिण अमेरिकेंतील दोन दलालांची मर्जी राखण्यासाठीं हा सौदा झाला, असें पुढें चौकशींत निष्पन्न झालें.

दोन्हीं प्रकरणें लवादापुढें गेलीं, आणि २००९ सालीं दोहोंचा निकाल मॅनेजरांच्या बाजूनें लागला. अखेरचा शब्द तुमचा, असें करारानें ज्याला सांगितलें, त्याला न विचारतां खेळाडू आणणें किंवा विकणें म्हणजे त्याला नोकरी सोडण्यास भाग पाडणेंच होय, हें मान्य झालें. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. पैसे नाहींत म्हणून हवा तो खेळाडू न मिळणें हें दारिद्र्य झालें, आणि दारिद्र्य सोसतां येतें. परंतु शनिवारीं दुपारीं अकरा माणसें मैदानावर पाठविणाऱ्याला, त्यांतला एक कोणाच्या भिडेखातर आला आहे हें मनांत ठेवून त्यांच्याशीं बोलावें लागणें, हें मला दारिद्र्याहूनहि वाईट वाटतें. इतर खेळाडूंना तें कळल्यावांचून राहत नाहीं. आतां पुष्कळ क्लबांनीं मॅनेजर ही पदवीच काढून 'हेड कोच' नेमला आहे, आणि खेळाडू जमविण्याचें काम निराळ्या संचालकाकडे दिलें आहे. त्यांत निदान लपवाछपवी नाहीं. काय पत्करलें हें येणाऱ्याला ठाऊक असतें.

कीगनला वीस लक्ष पौंडांची भरपाई मिळाली. गोन्झालेझ न्यूकॅसलच्या बाजूनें दोनदांच, आणि तोहि बदली खेळाडू म्हणून, मैदानावर उतरला. मे २००९ मध्यें तो क्लब खालच्या श्रेणींत गेला. कीगन आणि कर्बिश्ली यांपैकीं कोणीहि त्यानंतर पुन्हां कोठल्या क्लबाचा मॅनेजर झाला नाहीं.