भुलीची बंदूक

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या दिसला, की गावातून पहिली हाक उठते, ‘बंदूक आणा!’ वनखात्याची बंदूक येते. पण बहुधा तिच्यात गोळी नसते, भुलीच्या औषधाची सुई असते. वायूच्या दाबावर सुटणारी ही बंदूक फार आवाज करत नाही. पल्ला मात्र थोडा. अंतर पाहून दाब ठरवावा लागतो. कमी पडला तर सुई वाटेतच गळते, जास्त झाला तर जनावर जायबंदी होते. वजनाचा अंदाज घेऊन पशुवैद्य केटामाइन आणि झायलाझिनची मात्रा भरतात. नेम धरायचा तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर.

सुई लागताच बिबट्या आडवा होत नाही. काही मिनिटे जातात. तेवढ्यात तो बिथरून उसात शिरतो, नाहीतर गर्दीवर येतो. सगळे नीट झाले, तर जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात त्याची रवानगी होऊ शकते.

ज्या घरचे लेकरू बिबट्याने नेले, त्या घराला संयम शिकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. बाकीच्या आपण मात्र मागे सरावे, मोबाइल खिशात ठेवावा, नेम धरणाऱ्याला वाट द्यावी. त्याचा नेम चुकला, तर पुढची रात्र आपल्याच वस्तीला जागून काढायची असते.