गोडी आणि गोळी



आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला औषध नवे नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली आणि पुढे इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या औषधाने कितीतरी माणसे वाचली. आपल्या लोकांचा सुईवर मोठा विश्वास बसला. सुई टोचली की रोग गेला! पेनिसिलिनच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही आहे, कारण ते रोगाच्या जंतूलाच मारते. पण माणसाच्या जगण्यातली गोडीच गेली, तर तिला कोणती सुई? आज त्याविषयी बोलू.

गोडी जाणे आणि दुःख होणे, यांत फरक आहे. घरात कोणी वारले, कांदा मातीमोल भावाने गेला, तर माणूस रडतो. तरी नातवंड मांडीवर आले की घडीभर हसतो. गोडी गेलेल्याला हसू येत नाही आणि पुष्कळदा रडूही येत नाही. बैलगाड्यांची शर्यत असो, पुरणाची पोळी असो, पगाराचा दिवस असो, त्याला सगळे सारखेच. जेवतो, पण चव नाही. आपण म्हणतो, आळशी झाला, नजर लागली. डॉक्टर म्हणतात, नैराश्य या आजाराचे हे एक मुख्य लक्षण आहे. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असे चालले, तर तपासून घ्यावे.

चाकणकडच्या एका गावातला एक गडी आमच्या पाहण्यात आहे. कारखान्यात पाळीचे काम. गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचा. हात असा, की ऐकणाऱ्याने तंबाखू मळायची थांबावी! हळूहळू त्याने भजनाला येणे सोडले. मृदंगाला गवसणी घातली ती घातलीच. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "गुरुजी, ह्यांना अशक्तपणा आलाय. ताकदीच्या गोळ्या आणल्यात." कसल्या गोळ्या? दुकानदाराने दिल्या त्या. महिना दोन महिने त्या चालल्या होत्या. फरक नव्हता.

या बाईला कोणी हसू नये. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ब-१२ नावाचे एक जीवनसत्त्व आहे. रक्त तयार व्हायला आणि शिरा धड राहायला ते लागते. ते कमी पडले तर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते, विसर पडतो, आणि मनही खचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच भागातले पुरुष तपासले. खेड्यातले घेतले, झोपडपट्टीतले घेतले, शहरातले बऱ्या घरचेही घेतले. २००६ साली त्यांनी निकाल छापला. शंभरातल्या ६७ जणांच्या रक्तात ब-१२ कमी होते! शाकाहारी माणसांत तर जास्तच.

असे का होते? ब-१२ हे सूक्ष्म जंतू तयार करतात. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून आपल्याला मिळते. भाकरी, भाजी, डाळ यांत ते नाही. आता आपल्याकडची तऱ्हा पाहा. गाय दारात, पण दूध सगळे डेअरीला, आणि घरात कोरा चहा! मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ कमी पडू शकते.

तर या गड्याचे रक्त तपासले. ब-१२ कमीच निघाले. डॉक्टरांनी सुया दिल्या. काही आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या, जिना चढताना लागणारा दम थांबला. मृदंग मात्र गवसणीतच राहिला.

इथे नीट लक्ष द्या. जीवनसत्त्व कमतरतेचा खड्डा भरते. खड्डा नसेल तर वर माती टाकून काय उपयोग? आपण म्हणतो, कारखान्यात दिवसभर छपराखाली राहून ऊन लागत नाही, म्हणून ड जीवनसत्त्व कमी आणि म्हणून मन उदास. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या १८,३५३ माणसांवर हे पाहिले. निम्म्यांना रोज ड जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सरासरी पाच वर्षे हे चालले. २०२० साली निकाल आला. नैराश्य दोन्हीकडे जवळपास सारखेच झाले. नैराश्याच्या औषधाबरोबर जीवनसत्त्वे दिली तर जास्त गुण येतो का, हेही शास्त्रज्ञांनी पाहिले. त्यांचे निकाल एकसारखे नाहीत.

शिवाय गोळी निरुपद्रवी असते, हाही एक भ्रमच आहे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक सांगतात. ती रोज खाल्ली तर रक्तात कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड खाल्ले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण आत शिरांचे नुकसान चालूच राहते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी.

गडी पुढे मनाच्या डॉक्टरांकडे गेला. जायला तयार नव्हता, "मी काय वेडा आहे का?" म्हणाला. मेहुण्याने गाडीवर बसवून नेले. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले तरी ती आपल्या मनाने बंद करायची नसते, हे त्यांनी बजावले. आणखी एक सांगितले, "वाजवू नका. गुरुवारी भजनात नुसते जाऊन बसा. मन लागो न लागो, बसा." तो बसू लागला. पहिले तीन गुरुवार भिंतीला टेकून. चौथ्या गुरुवारी टाळ हातात घेतला. आता मृदंग वाजवतो. पूर्वीसारखा रोज नाही, पण वाजवतो.

पुण्याला औंधमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, येरवड्याला मनोरुग्णालय आहे. जाताना जुने कागद आणि खात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत, बरोबर घरचे एक माणूस असावे. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ साली सुरू झाला. त्यावर रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येते. आणि "आता जगून काय करायचं?" असे कोणी म्हणाले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. त्या दिवशी पाळी बुडाली तरी चालेल.