बसलं म्हणजे जुळलं असं नाही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी सांगितलं, ‘कॉम्प्युटर सोडून कशावरही बोल.’ म्हणून मी बंदुकीवर बोलणार आहे. हसू नका. आपल्यापैकी काहींच्या घरी शेतराखणीसाठी परवान्याची बारा बोअर आहे. आमच्याही घरी आहे. वडिलांच्या पश्चात ती रीतसर भावाच्या नावावर झाली. वडिलांना तिची खडान् खडा माहिती होती. आपल्या पिढीच्या हाती बंदूक आली, पण माहिती सोबत आलीच असं नाही.

आधी आकड्याचा अर्थ. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीच्या व्यासाएवढी नळी म्हणजे 12 बोअर. 20 गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. म्हणजे आकडा मोठा, नळी अरुंद. 12 ची साधारण 18.5 मिलिमीटर, 20 ची 15.6.

आता धोका. 20 चं काडतूस 12 च्या बंदुकीत गेलं, तर ते पुढे घसरून नळीत अडकतं. मागचं घर रिकामंच दिसतं, म्हणून त्यात 12 चं काडतूस भरलं जातं. चाप ओढला की नळी फुटू शकते, आणि नेमका तिथेच आपला पुढचा हात असतो. म्हणूनच 20 चं काडतूस पिवळं करण्याची पद्धत आहे. तरी दोन मापं एका खिशात कधीच ठेवू नयेत.

दुसरा धोका लांबीचा. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे 76 मिलिमीटरचं न उडालेलं काडतूस 70 च्या घरात सहज बसतं. पण उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांचं घर तर 65 चंच असतं.

माझ्या कामातही हेच दिसतं. दोन प्रोग्रॅम जोडताना एरर आली तर बरं. निमूट जोडले गेले, की पुढे घोळ होतो. बंदुकीत तर एररही येत नाही.

म्हणून एवढंच करा. नळीवर कोरलेलं माप वाचा, काडतुसावरचं आणि खोक्यावरचं वाचा, बोअर आणि लांबी दोन्ही ताडून पाहा. माप पुसलं असेल, तर परवानाधारक कारागिराकडून तपासून घेईपर्यंत बंदुकीला हात लावू नका. बार फुसका वाटला, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी मोकळी आहे याची खात्री केल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका.

सर, उत्तराला एकक लिहिलं नाही तर तुम्ही अर्धा गुण कापायचात. तेव्हा राग यायचा. आज भावाला मी तेच विचारते, ‘सत्तर काय? आणि कुठे लिहिलंय, दाखव.’