घरच्या घरी ध्वनिमुद्रण
(भाषणाचा सारांश)



१९९६ साली आपल्या जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बायांनी गायिलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्या आजही ऐकता येतात. आपल्या दादी-नानीचा आवाज कोण जपणार?

संगणकावर संगीताची सुरुवात तिथूनच करा. लहान खोली निवडा, पंखा बंद करा, भिंतींवर गोधड्या टांगा. आवाज घुमणार नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर ठेवा. ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. आवाजाची पातळी लाल खुणेला भिडू देऊ नका. फाटलेला आवाज नीट सांधता येत नाही. मूळ मुद्रणाची प्रत वेगळी ठेवूनच कापाकापी करा.

पालकांनो, यात कान आणि गणित दोन्ही तयार होतात. मुलांना आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. पहिले मुद्रण दादीच्या अंगाईचे किंवा नात-शरीफचे असू द्या. वाद्ये मागाहून मिळतील. तो आवाज मिळणार नाही.