न वाचलेल्या कागदावर सही
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, गळती आणि पार्किंग या विषयांवर भरपूर बोललो. सर्वसाधारण सभेत तर जरा जास्तच बोललो! आज मला बोलायला सांगितलंय ते आपल्या वाचनकट्ट्याबद्दल.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात सतरंजी टाकून आपण दहा-बारा जण बसतो. नियम दोनच. नुकतीच वाचलेली कादंबरी आणायची, आणि गोष्ट सांगत न बसता आपल्याला काय वाटलं ते सांगायचं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निघाली, तेव्हा आमचे एक मित्र म्हणाले, “छान आहे, पण यात घडत काहीच नाही.” त्यावर बी विंगमधल्या आजी उसळल्या. त्यांचं माहेर माणदेशातलं. “पावसाची वाट बघता बघता अख्खी वाडी ओस पडते, आणि तुम्ही म्हणता काही घडत नाही?” मित्र गप्प. पुढच्या महिन्यात त्यांनी पुस्तक पुन्हा वाचून आणलं. मुलांच्या पाळीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि आम्ही आजोबा मंडळीच ‘ट्टॉक’ करायला लागलो. एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या चारही कादंबऱ्या ओळीनं वाचल्या. चांगदेव पाटील एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात फिरत राहतो. मी म्हटलं, बाई, हा तर आमच्या बँकेतलाच! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. माझ्या स्वतःच्या नऊ बदल्या झाल्या.

नेमाड्यांचा विषय निघालाच, म्हणून मी ‘कोसला’वर तोंडसुख घेतलं. ही कादंबरी 1963 सालची. मी बी.कॉम.ला असताना मित्रांनी ती डोक्यावर घेतली होती. मी म्हणालो, “पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्याला शिकायला येतो, मेसचा कारभार अंगावर घेऊन आतबट्ट्यात जातो, परीक्षेत आपटतो. याला नायक कसा म्हणायचं?” हे मत मी पन्नास वर्षं ठासून मांडत आलो होतो.

सी विंगमधला कॉलेजचा एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, हळूच म्हणाला, “काका, मनी जाते तो भाग वाचलात का?”

मी विचारलं, “मनी कोण?”

सतरंजीवर शांतता पसरली. खरं सांगतो, मी ते पुस्तक अर्ध्यावर टाकलं होतं. जन्मभर हाताखालच्या लोकांना बजावलं, की कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. आणि इथे मी स्वतः न वाचलेल्या कागदावर पन्नास वर्षं सही करत होतो.

त्या आठवड्यात पुस्तक पुरं केलं. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. ती देवीच्या साथीत जाते. ती पानं वाचून मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन बसलो. माझीही एक धाकटी बहीण होती. पाच वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. आईनं नाही, वडिलांनी नाही, मीही नाही.

पुढच्या रविवारी कट्ट्यावर मी तिच्याबद्दल बोललो. तिचं नाव कुसुम. आमच्या सौभाग्यवती शेजारीच बसल्या होत्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर त्यांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना जिन्यात त्यांनी एवढंच विचारलं, “दिसायला कशी होती?”

‘कोसला’ मला आजही सगळी पटत नाही. पांडुरंगचा खर्च तर मुळीच नाही! त्या मुलाचं आणि माझं त्यावर अजून भांडण चालू आहे. पण आता भांडतो ते पुस्तक पुरं वाचून.

तेव्हा विनंती एवढीच. दुसऱ्या रविवारी कट्ट्यावर या. पुस्तक आवडलं असेल तर सांगा, आवडलं नसेल तर जरूर सांगा. आणि अर्ध्यावर टाकलं असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा. दंड नाही, व्याजही नाही.